खाली गाय बसेल हाये

"थुंका! आधी थुंका सगळे! पाण्यात गाय आहे!"

आईचा आवाज मुळातच दणदणीत. त्या दिवशी तो असोद्याच्या शिवारातून निघाला आणि थेट जळगावच्या बसस्टँडवर जाऊन आदळला असणार. तिथं एखादा कंडक्टर घंटी न वाजवताच खाली उतरला असेल. केळीची पानं टराटरा फाटली. बाभळीवरचे बगळे जे उडाले ते पुढच्या थंडीपर्यंत परतले नाहीत. मी विहिरीच्या काठावर उभा होतो. एका हातात दोर, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या, आणि त्या तांब्यातलं पाणी नुकतंच, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत माझ्या पोटात गेलेलं.

पोटात गेलेलं पाणी थुंकायचं कसं, ते आईनं सांगितलं नाही. पोटाला ते आपोआप समजलं.

झालं होतं असं. बायकोला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज, आणि तिचं माहेर असोद्याचं. लग्न झाल्यापासून तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. एकच मागितलं होतं, बाळंतपणाला मला माझ्या आईजवळ जाऊ द्या. मी तर कधीच होकार दिला होता, पण आमच्या धुळ्याच्या घरात माझ्या होकाराला रद्दीचा भाव. शिक्का आईकडे. आणि आई म्हणाली, "आधी मी जाऊन बघेन. घर बघेन, संडास बघेन, पाणी बघेन. मग ठरवू."

म्हणून आम्ही तिघं सकाळी धुळ्याहून गाडीनं निघालो. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कुणी पाहुणा येतो म्हटलं की भरीतच सुचतं. त्यात थंडीचे दिवस. त्यांनी शेतातच बेत ठेवला. आईनं आधी गावातलं घर बघितलं. घर पास. मग संडास बघितला, आत जाऊन दार लावून तीन वेळा पाणी ओतून बघितलं, भिंतीवरून बोट फिरवलं, बोट उन्हात धरून बघितलं. संडासही पास. बायकोच्या चेहऱ्यावर असं ऊन पडलं की गाडीत बसून शेतात जाईपर्यंत मला आरशात तेवढंच दिसत होतं. राहता राहिलं पाणी, आणि घरात प्यायला येई ते शेतातल्या विहिरीचंच.

आईबद्दल इथं सांगायला हवं. ती पुण्याकडची. लग्न होऊन धुळ्यात आली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली, पण अहिराणीचा एक शब्द तिनं कानात घर करू दिला नाही. मी गल्लीतून 'काय शे' घेऊन आलो की उंबऱ्यावरच माझं तोंड धुतलं जाई. सून आली ती असोद्याची. त्या बाजूला ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, आणि साऱ्या मुलखाला केळी पुरवणारं गाव स्वतः मात्र केयी खातं. आईनं सुनेला ळ शिकवायला घेतला. रोज सकाळी, चहाबरोबर. "म्हण, काळा कावळा जांभळीवर." ती बिचारी जीभ उलटी करकरून म्हणायची. शिकलीसुद्धा. फक्त तो ळ धुळ्यातच वापरायची. माहेरची वेस आली की चपलांसारखा बाहेर काढून ठेवायची.

तर शेत. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी, लांबडी, माझ्या पायाएवढी वांगी. (बरं, पोटरीएवढी.) सासूबाई जळकी सालं काढत बसल्या होत्या. बायको जेवणाआधी जरा आडवी होते म्हणून गाडीतली सीट पाडून झोपली होती. धुळ्याहून आणलेला पाण्याचा जार आईनंच हात धुऊन धुऊन संपवला. शेतातली वीज रात्रपाळीची, दिवसा मोटार मुकी. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी काढतो पाणी, दोरानं."

पहिली बादली मी काढली. आईनं तांब्याभर घेतलं, आपल्या रुमालानं गाळलं, घोट घेऊन टाळ्यावर फिरवला आणि म्हणाली, "गोड आहे." म्हणजे पाणीही पास! मग मी माझा तांब्या रिचवला आणि दुसऱ्यांदा बादली सोडली. कप्पी अशी किंचाळत होती की डुकराला दाढदुखी व्हावी. आबा बाजेवरून मला काहीतरी ओरडून सांगत होते. मला कप्पीपुढं काही ऐकू आलं नाही. आईला आलं.

आबा म्हणाले होते, "जावाईबापू, दोर लय खाली सोडू नका! खाली गाय बसेल हाये!"

हे वाक्य मला मागाहून समजलं. माझ्या कानात पहिली शिरली ती आईची किंकाळी. आणि तिथंच माझा घात झाला. कान नावाच्या या इंद्रियाला मी तोवर साधा, गरीब, दारात बसून राहणारा समजत होतो. तो पक्का दलाल निघाला. आधी येईल त्याच्याशी सौदा करून मोकळा. मागून कितीही खरा माल येवो, हा ढुंकून बघत नाही.

"अहो आबा," आई तोंडावर पदर दाबून म्हणाली, "विहिरीत गाय आहे?"

आबांना तिच्या तोंडून हा प्रश्न ऐकून नवल वाटलं. "हाये ना."

"केवढी?"

"असंन कमरभर."

"कधीपासून?"

"तीन-चार वरसं झाले. काढू काढू म्हनता काढेलच नही."

"चार वर्षं!" आईचा पदर गळून पडला. "आणि तुम्ही हे पाणी पिता?"

"मंग? वरून वरून घेतो. खाली हालवलं का वास सुटतो. सडेल हाये ना."

"वरून वरून!" आई म्हणाली, आणि 'वरून' या शब्दात एवढी शिसारी मावते हे मला त्या दिवशी कळलं.

मी विहिरीत डोकावलो. डोकावू नये हे मलाही समजत होतं, पण किळस हा प्रकारच असा आहे की तो मान धरून खाली वाकवतो. खाली हिरवंगार शेवाळ, त्यावर केळीच्या पानाची चिंधी. आणि शेवाळाच्या कडेला, अंधारात, दोन शिंगं. मी शपथेवर सांगतो, शिंगं. डावं जरा वाकडं. त्यांच्या मागं पाठीचा कणा, फुगलेलं पोट, आणि पोटावर तो तेलकट, मेलेला चकाकता रंग. एवढ्या खोल, एवढ्या अंधारात मला तिच्या नाकपुड्या दिसल्या. पापण्या दिसल्या. आणखी क्षणभर थांबलो असतो तर कानातला बिल्ला वाचून दाखवला असता.

आणि मग ती हंबरली.

खोल, घशातून, घुमत. भिंतीभिंतीतून आवाज वर आला आणि माझ्या मणक्यातून खाली उतरला. चार वर्षांपूर्वी मेलेली गाय हंबरेल कशी, असा विचार एखाद्या शहाण्या माणसाला आला असता. मला आला नाही. मला एवढंच वाटलं की ही माझ्याकडे स्वतःचं पाणी परत मागतेय.

तेव्हा जीभ जागी झाली. मघाशी ज्या पाण्याला आईनं गोड म्हटलं होतं, ते आता माझ्या दातांच्या फटीत तूप होऊन थिजलं. टाळ्याला साय चिकटली. जिभेच्या मुळाशी केस. एक नाही, शेपटीचा अख्खा गोंडा. मी बोटानं ओढायला गेलो तर हाताला थुंकीशिवाय काही लागेना, आणि जीभ मात्र म्हणे, आहे, आहे, अजून खाली आहे. वासाचंही तसंच. त्या शेतात त्या वेळी जळक्या वांग्याचा आणि लसणाचा वास होता, ज्या वासासाठी माणसं जळगावहून मोटारसायकली पळवत येतात. माझ्या नाकानं एका श्वासात त्याचं मढं केलं. सासूबाई वांग्याचं साल ओढत होत्या. काळं कातडं सुटून आतलं ओलं, पांढरट, दोऱ्यादोऱ्यांचं मांस उघडं पडत होतं. त्यांनी ते लाकडी दांड्यानं ठेचलं. पच्च, असा आवाज झाला.

मी केळीच्या रांगेत जाऊन ओकलो. साधं नाही, त्या रांगेला त्या हंगामात वेगळं खत द्यावं लागलं नाही.

परत आलो तो शेतावर खटला उभा राहिलेला. आई तांब्या दूर, लांब बांधावर नेऊन उपडा ठेवून आली होती. ती हात झटकत म्हणाली, "बस. झालं. माझं नातवंड या गावात जन्माला येणार नाही. बाळंतीण इथं राहणार, तिला हे पाणी पाजणार, बाळाला याच पाण्यानं न्हाऊ घालणार. शी! शी, शी, शी! सून धुळ्यातच बाळंत होईल. विषय संपला."

आबा बाजेवरून उठले. इतका वेळ पाहुणीचं लाडाचं काहीतरी चाललंय असं समजून ते गालात हसत होते. आता हसू गेलं. लेकीचा विषय निघाला होता.

"इहीनबाई," ते म्हणाले, "कोनाच्या इहिरीत गाय नही, सांगा. साऱ्या असोद्याच्या इहिरी पाहा. एकात नसंन तं नाव बदलीन."

"साऱ्या गावाच्या?" आई मटकन खुर्चीत बसली.

"अन आमच्या कायले, तुमच्या धुयाच्या नयालेबी गाय येतो!"

"नळाला?" आई म्हणाली. "आमच्या नळाला? गाय?"

"हाव! आठ-आठ दिस पानी येत नही. मंग पहिल्या बादलीत गायच येतो ना. खोटं हाये का?"

"बघ," आई माझ्याकडे वळून कुजबुजली, "गाय येतो म्हणे. गायीला धड येते म्हणता येत नाही यांना."

आता गंमत बघा. नय म्हणजे नळ, हे माझ्या आईला त्या क्षणी, कुणी न सांगता, झक्क कळलं. कारण नय नावाची वस्तू तिच्या कानाच्या दुकानात नव्हती. कानाला शोधाशोध करावी लागली, आणि शोधता शोधता नळ सापडला. पण गाय? ती तयार होती. शिंगांसकट, शेपटीसकट, चार पायांवर उभी. कान कशाला शोधतोय! फळीवरचा पहिला माल उचलून दिला आणि झोपला. आबांनी 'येतो' म्हटलं, त्या एका 'तो' मध्ये साऱ्या खटल्याचा निकाल होता. तो आम्ही दोघांनीही ऐकला आणि अडाण्याची चूक म्हणून फेकून दिला. धुळ्याच्या गल्लीत वाढलेला मी, ज्यानं लहानपणी 'आभाय' आणि 'सकाय' मित्रांच्या तोंडून पोतं भरून ऐकलेलं, तो मीसुद्धा तिथं उभा राहून नळातून गाय कशी येईल याचा विचार करत होतो. तुकडे करून येईल, असं मी ठरवूनही टाकलं.

गाडीचं दार धाडकन वाजलं. बायको येत होती. एक हात कमरेवर, केस विसकटलेले, आणि चेहऱ्यावरचं ते सकाळचं ऊन पार मावळलेलं. तिनं बाकी काही ऐकलं नव्हतं. 'विषय संपला' एवढं मात्र बरोबर ऐकलं होतं.

"काय संपलं, आई?"

"तूच सांग," आई म्हणाली. "विहिरीत काय आहे? तुझे वडीलच सांगतायत. चार वर्षं सडलेली गाय!"

बायकोनं आबांकडे बघितलं, माझ्या ओल्या शर्टाकडे बघितलं, बांधावरच्या उपड्या तांब्याकडे बघितलं. ती शहाणी आहे, एका दमात तिला सगळं उमगलं. पण राग असा चढला होता की आमच्या घरचा शिकवलेला ळ जिभेवरून घसरून कुठल्या कुठं गेला. ती ओरडली, "अहो गाय नही! गाय! गाय!"

"तेच तर म्हणतेय मी!" आई ओरडली.

"गाय नही वं माय, गाय!"

"दोनदा कशाला सांगतेस, ऐकलं!"

आबा मध्येच म्हणाले, "मी तं कवाचाच सांगून राह्यलो, गाय हाये म्हनून."

बायकोनं डोळे मिटले. पोटावर हात ठेवला. तोंडातल्या तोंडात, मला ओठांवरून दिसलं, ती म्हणाली, काळा कावळा जांभळीवर. मग जीभ उचलून टाळ्याला लावली आणि सकाळच्या शिकवणीतल्यासारखा, जड, ओला, टप्पोरा ळ आईच्या पुढ्यात टाकला.

"गाऽऽळ."



मी पुन्हा विहिरीत डोकावलो. शिंगं गेली होती. बाभळीचं एक बेचक्यासारखं मूळ भिंतीतून बाहेर आलं होतं, डाव्या बाजूला जरा वाकडं. पाठीचा कणा म्हणजे मोटारीचा पाइप. आणि भिंतीच्या कपारीत पारवे बसले होते, घूं घूं करत, आपापसात, माझ्याशी त्यांना काहीही देणंघेणं नसताना. तेच डोळे, तीच विहीर, ऊनसुद्धा तेच. एक अक्षर बदललं आणि माझ्या डोळ्यांनी अख्खं जनावर गिळून टाकलं, ढेकरही न देता. मला गायीपेक्षा या डोळ्यांचीच जास्त शिसारी आली. आयुष्यभर यांनी दाखवलं ते मी बघत आलो. म्हणजे यांना आधी कोण काय सांगून ठेवत होतं, कुणाला ठाऊक.

जिभेनं मात्र निकाल मानला नाही. जिभेवरचा गोंडा आहे तिथंच होता. डोळा बेइमान, कान दलाल, पण जीभ एकदा विटली की विटली.

"गाळ होय!" आई म्हणाली. "मग नीट सांगायचं ना!" आणि तिनं, माझ्या जन्मदात्रीनं, ताट पुढं ओढलं, कळण्याची भाकरी मोडली आणि भरीत खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. मी बघत राहिलो. गाळ होय म्हणजे? गाळ म्हणजे काय केशर? चार वर्षांचा कुजका चिखल, पारव्यांची शीट, बेडकांच्या पिढ्यान्‌पिढ्या, त्यात सडलेली पानं, हे सगळं तसंच माझ्या पोटात होतं. त्याची कुणाला किळस नाही! आईला गाय चालत नव्हती. बेडूक वरून वरून चालत होते. मी ताटाला हात लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावाईबापू, घ्या ना थोडंसं," आणि चमच्यानं भरीत उचललं. चमच्यातून त्याचे दोरे लोंबले. मी पुन्हा केळीच्या रांगेत गेलो.

निघताना आबा गाडीच्या खिडकीशी आले. हात जोडले नाहीत, पण खिडकीची काच दोन्ही हातांनी धरली. "मंग इहीनबाई, पोरीले पाठवसान ना?"

आई म्हणाली, "बघू."

एवढा मोठा गैरसमज मिटला होता, पण त्यात फजिती आईची झाली होती, आणि आमच्या आईची फजिती झाली की ती निकाल फिरवत नाही, लांबवते.  परतीच्या वाटेवर मी खिडकीची काच पूर्ण खाली करून गाडी चालवत होतो. बायको मागं बसून एकटक आपल्या पोटाकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईपुढं चहा ठेवला आणि विचारलं, "आई, गोयी घेतली का?"

आईनं वर बघितलं. "काय?"

"बीपीची गोयी."

मग दुपारी "पोयी वाढू का", संध्याकाळी "नयाले पानी आलं", रात्री "डोये दुखून राह्यले". शांतपणे. आवाज न चढवता. त्या दिवसापासून आमच्या घरात ळ ऐकू येईना, जसा कुणी चोरून नेला. आईनं एकदा "म्हण, काळा" असं सुरू करून बघितलं. बायको म्हणाली, "काया." आणि भांडी घासायला गेली. आईनं पुढं कावळा काढलाच नाही. मी मधल्या मधे. पाण्याचा पेला पुढं आला की मी तो दूर सारी. मी तहान चहावर भागवत होतो, आणि चहातली सायसुद्धा मला कातड्यासारखी दिसे. वांग्यांची गाडी गल्लीत आली की मी दार लावून घेई.

असा आठवडा गेला असेल. एका सकाळी आईच्या फोनवर आबांचे फोटो आले. विहिरीवर क्रेन उभी. काठावर काळ्या, चकाकत्या, लदलदीत चिखलाचा डोंगर, घराच्या माळ्याएवढा. पुढच्या फोटोत आबा, गुडघ्यापर्यंत बरबटलेले, हातात काचेचा पेला, पेल्यात स्वच्छ पाणी. मला तो डोंगर बघवेना. जे मी प्यायलो होतो त्याची वंशावळच तिथं ओतून ठेवली होती. मी तोंड फिरवलं.

फोटोखाली आबांचा निरोप होता. आबा टाइप करत नाहीत. फोनपुढं तोंड नेऊन बोलतात, आणि फोन ऐकून लिहितो. आईनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं:

"विहीणबाई, विहिरीतली सगळी गाय काढली. आता एक तुकडाही नाही. मुलीला पाठवा."

म्हणजे त्या फोनचा कानही पुण्याकडचाच. त्यानं आबांचं सारं बोलणं धुऊनपुसून शुद्ध केलं, जिथं जिथं य सापडला तिथं ळ बसवला, आणि गायीपाशी येऊन आमच्यासारखाच झोपला.

आईनं निरोप पुन्हा वाचला. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण हसली म्हणावं तर हसली नाही. तिनं बोटानं फोटो मोठा केला, चिखलाच्या डोंगरावर आणला, नाक मुरडलं, पुन्हा छोटा केला. मग आबांच्या हातातल्या पेल्यावर आणला, आणि तिथं मात्र बोट थांबलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं जीभ टाळ्याला लावली, हे मला लांबून दिसलं.

"आई," ती म्हणाली, "मी जाऊ बाळंतपणाला?"

आईनं फोन उपडा ठेवला.

"पाणी उकळून पीत जा."